वरच्या शेताचे पाणी

शास्त्रपाठ : अनुवाद ११:१०-१२, मत्तय ५:२३-२४ व ४५, इब्री लोकांस पत्र ६:७-८



इस्राएल लोक यार्देनेच्या अलीकडे उभे असता मोशेने त्यांस ज्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या, त्यांत जमिनीविषयीही एक गोष्ट आहे. तिचा आशय असा की, ज्या मिसर देशातून तुम्ही निघाला तेथे मनुष्य स्वतःच्या श्रमाने शेतास पाणी पाजीत असे. परंतु ज्या देशात तुम्ही आता जाणार आहा तो डोंगरांचा व खोऱ्यांचा असून त्याची तहान आकाशातील पावसाने भागते. आपल्या दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्याने हा पाठ वाचला म्हणजे त्यास आपलेच रान डोळ्यांपुढे दिसावे. वर माळ, मधे मुरमाड टेकाड, खाली ओढ्याकाठची काळी पट्टी, आणि सर्वांची दृष्टी आभाळाकडे.

मिसराच्या सपाट भूमीत पाण्यास पळावयास फारशी जागा नव्हती. कनानात मात्र पाऊस पडला की पाणी उताराने धाव घेई. यास्तव यहूदाच्या टेकड्यांवर जुन्या शेतकऱ्यांनी रानातले दगड वेचून त्यांच्या ताली रचिल्या आणि पायऱ्यापायऱ्यांची शेते केली. त्या ताली आजही तेथे पाहावयास मिळतात. देवाने त्यांस उताराची भूमी दिली, आणि उतारावर पाणी थोपविण्याचे काम त्यांच्या हातांस दिले. आता मृग नक्षत्र जवळ आले आहे. पहिला पाऊस पडण्यापूर्वी आपणही या कामाचा थोडा विचार करू.

१. देणे सारखे आहे

प्रभू येशूने डोंगरावरील उपदेशात सांगितले की, स्वर्गीय पिता नीतिमानांच्या व अनीतिमानांच्या, दोघांच्याही शेतांवर पाऊस पाडितो. आपण हे वचन शत्रूवर प्रीती करण्याच्या संबंधाने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यात शेतकऱ्यास आणखी एक शिकवण आहे. बांधाच्या अलीकडे व पलीकडे एकच सर पडते. ढगास सर्व्हे नंबर ठाऊक नाही. असे असता एका शेतात बाजरी पोटरीस येते आणि शेजारच्या शेतात ती करपते, याचे कारण पुष्कळ वेळा आभाळात शोधू नये. थेंब जमिनीस टेकल्यानंतर त्याचे काय झाले, ते पाहावे.

हे देणे केवढे मोठे आहे, याचा हिशेब करून पाहा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे १,०२,८०० लिटर पाणी पडले. अठरा लिटरचा डबा घेतला तर सुमारे ५,७०० डबे झाले. जी माउली चैत्र-वैशाखात दोन घागरींसाठी अर्धा कोस चालते, तिला हा आकडा सांगा. तिच्या घरच्या एका एकरावर एका सरीत देवाने एवढे पाणी ओतिले. आणि त्यातले अर्धे जरी ओढ्यास गेले, तरी तासाभरात अडीच हजारांहून अधिक डबे आपण सांडून दिले! डोक्यावरील घागर हिंदकळली तर आपण हळहळतो, मात्र शेताच्या खालच्या कोपऱ्यातून गढूळ लोट वाहत जातो, तेव्हा दारात उभे राहून आपण म्हणतो, "काय सुंदर पाऊस झाला!"

२. जमीन पाणी पिते, की पळू देते?

इब्री लोकांस लिहिणारा लेखक आपणांस दोन जमिनी दाखवितो. पाऊस दोहोंवर पडतो आणि वारंवार पडतो. एक तो पिऊन मशागत करणाऱ्यांस उपयोगी असे पीक देते. दुसरीत काटेकुसळे उगवतात. लेखकाचा रोख मनुष्याच्या अंतःकरणावर आहे. परंतु दृष्टांत समजावयाचा तर जमीन पाणी कसे पिते हे आधी समजले पाहिजे.

जमिनीचा उतार चौपट झाला म्हणजे पाण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. वेग दुप्पट झाला म्हणजे त्याच पाण्याचे बळ चौपट होते, आणि पूर्वी जेवढ्या वजनाचा खडा ते ढकलीत होते त्याच्या साठपटींहूनही जड दगड ते लोटू शकते. म्हणून जे पाणी सपाट रानात बैलासारखे चालते, तेच टेकाडावर उधळलेल्या गुराप्रमाणे धावते. उताराची लांबीही महत्त्वाची आहे. कारण धावेस जितके अधिक अंतर मिळेल तितके पाणी एकत्र जमते व वेग वाढत जातो. शेताच्या माथ्यावर जी बोटभर रुंदीची रेघ असते, तीच पायथ्याशी ओघळ होते, आणि चार वर्षांनी त्या ओघळीची घळ होऊन तीत वासरू पडते.

उतार आपण घडविला नाही. परंतु नांगर कोणत्या दिशेने चालवावा हे आपल्या हाती आहे. उताराच्या दिशेने वरून खाली तास काढले, तर प्रत्येक तास म्हणजे पाण्यासाठी आपणच खोदून दिलेला पाट होय. तेच तास उतारास आडवे काढले, तर प्रत्येक तास लहानसा बांध होतो. पाणी तासातासांत थबकते व मुरते. नांगरट, कुळवणी, पाभरीची पेरणी व कोळपणी ही सर्व कामे आडवी केली, तर त्यास एक पैसाही अधिक लागत नाही. बैलांसही चढ चढण्याचे श्रम वाचतात.

दुसरी गोष्ट उघड्या जमिनीची. पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळला म्हणजे मातीचे कण फुटतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो, आणि वर खपली धरते. मग खाली माती कोरडी असूनही पाणी वरच्या वर वाहून जाते. तोच थेंब पिकाच्या पानावर किंवा जमिनीवर पसरलेल्या काडीकचऱ्यावर पडला, तर त्याचे बळ तेथेच मोडते व तो हळू खाली उतरतो. म्हणून बाजरीच्या पट्ट्यांमध्ये मटकी किंवा हुलगा यांसारख्या जमीन झाकणाऱ्या पिकांचे आडवे पट्टे ठेवणे हिताचे असते, आणि सगळी सड वेचून जाळून टाकणे हिताचे नसते.

या गोष्टी केवळ अनुमानाच्या नव्हेत. १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, आणि आपल्या दख्खनच्या मातीवरच पाणी व माती किती वाहून जाते याचा अभ्यास होऊ लागला. पुढे हैदराबादजवळ पाटणचेरू येथे आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षे मोजमाप केले. एका तुकड्यात जुन्या रीतीप्रमाणे पावसाळ्यात रान मोकळे ठेवून पुढे रब्बीचे पीक घेतले. दुसऱ्यात किंचित उतार दिलेल्या सऱ्या व रुंद वरंबे काढून पावसाळ्यातही पीक उभे ठेविले आणि जादा पाणी गवताच्या वाटेने बाहेर काढून दिले. पहिल्या तुकड्यातून दर वर्षी हेक्टरी सुमारे साडेसहा टन माती गेली, दुसऱ्यातून सुमारे दीड टन. धान्य दुसऱ्यात सुमारे पाचपट आले. त्यात बियाणे व खत यांचाही वाटा होता हे खरे. साडेसहा टन माती म्हणजे सगळ्या शेतावरचा नखाच्या जाडीएवढा थर. एका वर्षात तो गेलेला दिसत नाही. परंतु बापाने वाहिलेली जमीन व नातवाने वाहिलेली जमीन यांत दोन बोटांचा फरक पडतो. आणि जेथे मुरमावर वीतभरच माती आहे तेथे दोन बोटे म्हणजे पुष्कळ होय.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भारी काळी जमीन भिजली म्हणजे फुगते व पाणी फारच सावकाश पिते. अशा रानात अगदी समपातळीत बांध घातला तर बांधाशी पाणी साचून पीक पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात त्याच बांधास भेगा पडून पुढच्या पावसात तो फुटतो. म्हणून भारी जमिनीत पाण्यास अगदी थोडा उतार देऊन, गवत राखलेल्या वाटेने ते सावकाश बाहेर न्यावे. हलक्या व मध्यम जमिनीचा नियम तसाच्या तसा भारी जमिनीस लावू नये. ज्या उपदेशकास मंडळीत पुष्कळ प्रकारच्या मनांशी गाठ पडते, त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको.

३. माझा शेजारी कोण?

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. एका शास्त्र्याने प्रभूस विचारिले की, माझा शेजारी कोण? प्रभूने त्यास चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. उताराच्या देशात राहणाऱ्या आपणांस या प्रश्नाचे एक उत्तर दर पावसाळ्यात जमिनीवर लिहिलेले दिसते. ज्याच्या शेतात माझ्या शेताचे पाणी उतरते, तो माझा शेजारी.

आपल्याकडे वाटण्या कशा होतात ते पाहा. बाप मेल्यावर दोघे-तिघे भाऊ रानात उभे राहतात. वरची जमीन हलकी, खालची भारी. एकाने वरची घ्यावी व दुसऱ्याने खालची, हे न्यायाचे दिसत नाही. म्हणून माथ्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या पाडितात, की प्रत्येकास थोडी हलकी व थोडी भारी मिळावी. वाटणी खरोखर न्यायाची झाली. परंतु पट्टी अरुंद व लांब. तीत आडवा नांगर फिरविण्यास जागा नाही. म्हणून प्रत्येक भाऊ उभा नांगर धरितो, वरून खाली. अशा रीतीने भावाभावांत तंटा होऊ नये म्हणून घातलेला बांधच पाण्यास पळावयाची वाट करून देतो, आणि दहा-पंधरा वर्षांत सर्वांच्याच पट्ट्यांची माती ओढ्यास जाते.

जेथे वरचे शेत एकाचे व खालचे दुसऱ्याचे, तेथील दुःख निराळे. वरचा आपल्या शेतात साचणारे पाणी नको म्हणून बांध एका जागी फोडून देतो. लोट सरळ खालच्याच्या उभ्या पिकात शिरतो. खालचा रात्री जाऊन दगडमातीने ती वाट बुजवितो. मग वरच्याचे पीक बुडते. सकाळी शिवीगाळ, दुपारी पंचांपुढे, पुढे तालुक्यास. आणि पुढच्या रविवारी दोघेही त्याच मंदिरात, एक या बाजूस व एक त्या बाजूस बसून, तीच प्रार्थना म्हणतात. बंधूंनो, हे चित्र मी कोणत्याही एका गावास पाहून रंगविलेले नाही. ज्यास ते आपले वाटेल त्याने ते आपले समजावे.

नियमशास्त्रात शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकविणाऱ्यास शाप सांगितला आहे. आपण म्हणतो, "मी तर मेरेस हात लाविला नाही." खरे आहे, दगड जागच्या जागी आहे. परंतु मेरेवरून जाणाऱ्या लोटाने खालच्या भावाची हातभर माती नेली, तर दगड न सरकविताही त्याची जमीन कमी झाली. माझ्या उभ्या तासांनी ते पाणी पळविले असेल, तर त्या हानीत माझा वाटा नाही असे मी देवापुढे म्हणू शकेन काय?

समपातळी रेषा म्हणजे जिच्यावर चालताना मनुष्य चढतही नाही व उतरतही नाही अशी रेषा. ती सरळ नसते. टेकडीच्या अंगाप्रमाणे वळत जाते. ती माझ्या शेतातून निघते, भावाच्या पट्टीतून जाते, आणि ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे त्याच्याही रानात शिरते. एकट्याने घातलेला बांध दोन्ही टोकांस उघडा असतो. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, आणि पुष्कळ खातेदारांच्या जमिनी मिळून बांधबंदिस्तीची एकच योजना आखण्याची सोय झाली, ती याचसाठी. परंतु कायदा बांध घालवू शकतो. बांधाची डागडुजी प्रीतीवाचून होत नाही. उंदराने पोखरलेले भोक मुठीएवढे असते तेव्हाच जो शेजाऱ्यास हाक मारून दाखवितो, त्याने दोन्ही शेते राखिली.

४. माथ्यापासून आरंभ, आणि सांडवा

ज्यांनी हे काम पुष्कळ गावांत केले त्यांचा अनुभव असा की, काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे. वर डोंगरावर चर व गवत नसता खाली ओढ्यात बांध घातला, तर तो एका पावसात गाळाने भरतो. जो वर आहे त्याने आधी आरंभ करावा. हा नियम मंडळीसही लागू आहे. पाळक, वडीलजन, शिक्षक, आणि ज्याचे रान मोठे तो, यांनी आधी नम्र व्हावे. खालच्यांस उपदेश करणे मागाहून.

अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत) हिवरे बाजार हे गाव आपणांपैकी पुष्कळांस ऐकून ठाऊक आहे. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. पुढच्या काळात गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगरउतारावर समपातळी चर खोदिले, झाडे लाविली, आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळिली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतीसाठी विंधन विहिरीचे पाणी घ्यावयाचे नाही, ऊस व केळी यांसारखी फार पाणी पिणारी पिके लावावयाची नाहीत, आणि दर वर्षी पडलेल्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवावयाची, असेही त्यांनी ठरविले. हे गाव आपल्या मंडळीचे नव्हे. परंतु ज्या प्रभूने शोमरोन्याच्या कृतीपासून शास्त्र्यास शिकावयास सांगितले, तो आपणांसही असेच शिकावयास सांगणार नाही काय?

त्यांच्या उदाहरणात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाणी अडविल्यावर ते एकट्याने उपसून घेण्याचा मोह मोठा असतो. जो वर पाणी अडवितो आणि मग खोल विंधन विहीर पाडून सगळे आपल्याच उसास पाजितो, त्याने खालच्यास लोटापासून वाचविले खरे, पण तहानेने मारिले. म्हणून जाणता मनुष्य बांधास सांडवा ठेवितो. जितके मुरेल तितके मुरू द्यावे. जादा झाले ते दगड बसविलेल्या सांडव्यावरून हळू, बेताने, खालच्या शेतास जाऊ द्यावे. ज्या बांधास सांडवा नाही तो एके दिवशी फुटतो, आणि त्याचा लोट बांध नसता त्याहून अधिक नाश करितो. देवाने ज्यास धान्य, विद्या अथवा पैसा दिला आहे, त्याने या सांडव्याचा विचार आपल्या घरी बसून करावा.

बांध घातला म्हणजे अवर्षण येणार नाही, असे मी म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातील चांगले चांगले कष्टाळू शेतकरी खडी फोडावयास गेले. ज्याचे पीक वाळले तो पापी, असा निवाडा कोणीही करू नये. ईयोबाच्या मित्रांनी तसा केला, आणि देवाचा कोप त्यांच्यावर भडकला. आपणांस एवढेच सांगितले आहे की, जे पडेल ते आपल्या चुकीने वाया जाऊ देऊ नये. पाच हजारांस जेवण दिल्यावर ज्या प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले, त्यास एवढ्या मोठ्या पावसाची नासाडी कशी आवडेल?

५. या आठवड्यात काय करावे

गावोगावच्या उपदेशक बंधूंस माझी विनंती आहे की, हा पाठ मंदिरात वाचून संपवू नये. लोकांस घेऊन रानात जावे. दोन सारख्या काठ्या वरच्या टोकास एकत्र बांधून खाली फाकवाव्या, मधे एक आडवी पट्टी ठोकावी, आणि वरून दोरीस दगड लावून ओळंबा सोडावा. चौकट एकदा उभी करून दोरी पट्टीवर जेथे येते तेथे खूण करावी. मग त्याच दोन जागांवर पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर दोरी आली म्हणजे दोन्ही पाय एका पातळीत आहेत. अशी चौकट पावलापावलाने फिरवीत खुंट्या रोवीत जावे. ज्यास अक्षर येत नाही त्याचे बारा वर्षांचे पोरही हे काम एका सकाळी शिकेल. खुंट्यांची ओळ शेजाऱ्याच्या बांधाशी आली म्हणजे तेथे थांबावे आणि त्यास हाक मारावी. तो मंडळीतला असो वा नसो, आपला असो वा परका, हाक गोड शब्दांत मारावी.

पुढल्या रविवारी पुष्कळ ठिकाणी प्रभुभोजनाचा विधी होईल. प्रभूने सांगितले आहे की, वेदीपाशी दान आणिले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. प्रभूने येथे भावाच्या मनातील गोष्ट सांगितली आहे. माझ्या मनात काही नसेल; वरच्या शेतवाल्याच्या मनात बहुधा काही नसतेच, कारण त्याचे काही वाहून गेलेले नसते. खालच्याच्या मनात असते. म्हणून ज्याचे शेत वर आहे त्याने आधी उठावे. शनिवारी सायंकाळी खाली उतरून जावे, त्याच्या शेतातील ओघळ आपल्या डोळ्यांनी पाहावी, आणि म्हणावे, "दादा, हे पाणी माझ्या रानातून आले. पाऊस पडण्याआधी आपण दोघे मिळून ही जागा बांधू."

जो भाऊ असे म्हणून रविवारी मेजाजवळ येईल, त्याची भाकर त्यास गोड लागेल. आणि मृगाची पहिली सर आली म्हणजे तो दारात उभा राहील, आपल्या शेतावरून खालच्या शेताकडे पाहील, आणि दोन्ही शेते पाणी पीत आहेत असे पाहून पित्याचे उपकार मानील. देव आपणां सर्वांस ही कृपा देवो. आमेन.